बिगरीतली हर्क्युलिस : रंगवायची की नुसती चालवायची?

जुनी सायकल घरी आणली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो. "काय मग, रिस्टोर करणार का?" गेले दोन महिने ऑफिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि घरी मी हेच ऐकतोय. गंमत म्हणजे विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असतं. निम्म्या लोकांना वाटतं की रंग, निकेल, नवी सीट करून चकाचक करायची, नाहीतर घेतलीच कशाला? उरलेल्या निम्म्यांना वाटतं की सायकल आहे, हवा भर आणि चालव, त्यात एवढं डोकं काय लावायचं?

मला दोन्ही पटेनात. मग सवयीप्रमाणे आधी वाचायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. त्या दोन वीकेंडचा हा हिशेब.

आधी सायकलची ओळख. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात १८०० रुपयांना मिळाली. काळी, २४ इंची फ्रेम, दांड्यांचे ब्रेक, २८ इंची चाकं, मागे दणकट कॅरियर. विकणारा म्हणाला, "साहेब, ब्रिटिश माल आहे. असं लोखंड आता बघायला मिळत नाही." पुढच्या नळीवर कंपनीची पाटी होती, तिच्यावरचा मळ अंगठ्याने पुसला. वर 'हर्क्युलिस', खाली बारीक अक्षरात टी. आय. सायकल्स ऑफ इंडिया, मद्रास. या कंपनीच्या कारखान्यातून पहिली सायकल बाहेर पडली १९५१ साली. म्हणजे ब्रिटिश जाऊन चार वर्षं झाल्यावर. विकणाऱ्याशी वाद घातला नाही, भाव पाडायला मात्र ही माहिती उपयोगी पडली :)

जुन्या सायकलींच्या शौकीन मंडळींत यावर लगेच नाक मुरडलं जातं. 'मेड इन इंग्लंड' नाही, तीन गिअरचा हब नाही, ब्रूक्सची सीट नाही. म्हणजे संग्राहकाच्या भाषेत ही एंट्री लेव्हल. आपल्या भाषेत बिगरीतली. मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर याच शब्दात दडलंय, म्हणून हर्क्युलिसच्या जन्मापासून सुरुवात करतो.

हर्क्युलिस कंपनी १९१० सालची, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. एडमंड आणि हॅरी क्रेन या दोन भावांनी ती ॲस्टन भागात काढली. बर्मिंगहॅम आणि आसपास तेव्हा सायकलचा एकेक भाग करणारे कारखाने होते. कोणी नळ्या ओढायचा, कोणी सीट बनवायचा, कोणी पायडल. क्रेन बंधूंनी सुरुवातीला सुटे भाग विकत घेऊन सायकली जोडल्या. मानाची सायकल म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले, तिचा थाट वेगळा. क्रेन बंधू त्या शर्यतीत उतरलेच नाहीत. त्यांचं गणित साधं होतं. माल टिकाऊ हवा, पण भाव इतका खाली आणायचा की कारखान्यातल्या कामगारालाही परवडला पाहिजे. १९३०च्या दशकात त्यांची साधी सायकल चार पौंडांच्या आत मिळायची. १९३९ पर्यंत त्यांनी साठ लाख सायकली बनवल्या होत्या.

थोडक्यात, बिगरीतली सायकल बनवणं हाच हर्क्युलिसचा धंदा होता. आज आपण ज्याला 'खालचं मॉडेल' म्हणतो, ते त्या कंपनीचं मुख्य काम होतं.

पण स्वस्त असण्याची एक लाज असते, ती कंपन्यांनाही सुटत नाही. १९५०च्या दशकात हर्क्युलिसने नाव कमवायला वेगवान सायकलपटूंवर पैसे लावले. आयलीन शेरिडन नावाची, पाच फुटांहून कमी उंचीची एक जबरदस्त बाई होती. तिने १९५४ साली हर्क्युलिसच्या वतीने इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या लँड्स एंडपासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंतचं ८७० मैलांचं अंतर २ दिवस ११ तास ७ मिनिटांत कापलं. १९५५ साली 'टूर द फ्रान्स'मध्ये उतरलेल्या ब्रिटिश संघातही हर्क्युलिसचे बरेच जण होते. त्यातले ब्रायन रॉबिन्सन आणि टोनी होर हे ती शर्यत पूर्ण करणारे पहिले ब्रिटिश ठरले. अर्थात, ज्या सायकलींवर हे विक्रम झाले त्यांचा आणि कामगाराच्या काळ्या सायकलचा संबंध पाटीवरच्या नावापुरता. जाहिरात ती जाहिरात.

कंपनी मात्र तोवर क्रेन बंधूंची राहिलेली नव्हती. १९४६ साली ती ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या नळ्या बनवणाऱ्या बड्या उद्योगाने घेतली. याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने १९४९ साली मद्रासच्या मुरुगप्पा कुटुंबाबरोबर भागीदारी केली, आणि शहराबाहेर आंबत्तूरला कारखाना उभा राहिला. माझ्या सायकलच्या पाटीवरचं 'टी. आय.' म्हणजे तेच. १९६० साली रॅलेही ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या पंखाखाली आली आणि इंग्लंडमध्ये हर्क्युलिस हळूहळू रॅलेच्या सावलीत गेली. भारतात मात्र हर्क्युलिस हे नाव टिकलं. मूळ घर बुडालं आणि दत्तक गेलेल्या घरी वंश वाढला, असा प्रकार.

त्याच सुमारास देशभर सायकलचे कारखाने निघत होते. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स आधीपासून होती. आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ साली ॲटलस, लुधियानाला १९५६ साली मुंजाल बंधूंची हीरो. यातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते पाहिलं तर स्वतंत्र भारताच्या उद्योगधंद्याची कुंडलीच समोर येते. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले तोट्यात गेल्या आणि १९८० साली एकाच कायद्याने सरकारजमा झाल्या. तरीही वाचल्या नाहीत. हीरो १९८६ साली जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. ॲटलसचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

आता या सगळ्यातली माझ्या कामाची गोष्ट. या कंपन्यांच्या साध्या सायकली एकमेकींच्या बहिणी शोभतील इतक्या सारख्या होत्या. सगळ्यांचा नमुना तोच, जुना इंग्लिश. नळ्या सांध्यांमध्ये बसवून पितळाने जोडलेली फ्रेम, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक, कॉटर पिनने बसवलेला क्रँक, रिमच्या आतल्या बाजूला खालून दाबणारे दांड्यांचे ब्रेक. इंग्लंडने हा नमुना टाकून दिला, आपण तो चालू ठेवला. त्यामुळे आज माझ्या सायकलला लागणारा २८ x १½ टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. कॉटर पिन, छरे, ब्रेकचे रबर, सगळं मिळतं, तेही किरकोळ पैशात. भारी सायकल घेतलेला माझा एक मित्र गिअर हबच्या एका बारीक भागासाठी चार महिने परदेशातून पार्सल यायची वाट बघत बसलाय. बिगरीतली सायकल चालू करायला अर्धा दिवस पुरतो.

ही झाली कंपनीची गोष्ट. आता या एका सायकलची.

पुण्यासारख्या गावात सायकल ही हौस कधीच नव्हती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली, किंवा पुढे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तेव्हा रस्ता भरून जायचा तो सायकलींनी. शिक्षक, कारकून, पोस्टमन, पेपरवाले, गवळी, सगळे सायकलवर. तिच्यावर कर होता आणि त्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं की पोलीस धरायचे. आपल्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पकडल्याची एक तरी गोष्ट निघते. इंग्लंडमधले इतिहासकार डेव्हिड आर्नोल्ड यांनी शिवणयंत्र, टाइपरायटर, सायकल आणि भाताची गिरणी यांवर २०१३ साली एक सुंदर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की आधुनिकता भारतात फक्त रेल्वे आणि धरणांमधून आली नाही. अशा छोट्या, रोजच्या यंत्रांमधूनही आली, आणि लोकांनी ती यंत्रं आपल्या सोयीने वापरली, वाकवली.

वाकवली हा शब्द माझ्या सायकलला अगदी लागू पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगल्या उजेडात तिला नीट पाहिलं, तेव्हा दिसलं ते असं. कॅरियरला दोन्ही बाजूंना जाड सळईचे हूक वेल्ड केलेत, आणि ते आतून झिजून चकचकीत झालेत. पुढच्या चिमट्याला दोन जादा दांड्या लावल्यात. मागच्या नळीला एका जागी भेग गेली असावी, तिथे कोणीतरी पितळ मारून ती भरलीये, आणि काम इतकं नीट आहे की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. चेनकव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने, हाताने लिहिलेलं 'श्री गजानन प्रसन्न'. आणि मधल्या आडव्या दांड्यावर, हँडलपासून वीतभर अंतरावर, दोन ठिकाणी रंग गोल घासून गेलाय.

हूक, जादा दांड्या आणि दणकट स्टँड पाहून ही रतिबाची सायकल हे लगेच कळलं. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. पण दांड्यावरच्या त्या दोन खुणा कशाच्या ते मला कळेना. त्या ओळखल्या आमच्या कॉलनीतल्या सायकलवाल्या काकांनी. म्हणाले, "अहो, पोराची सीट होती तिथं. दोन क्लॅम्पनं बसायची. दूध घालून आला की पोराला शाळेत सोडत असणार."

आता हा अंदाज आहे, पुरावा नाही, मान्य. पण ज्याने चाळीस वर्षं सायकली खोलल्यात त्याचा अंदाज आहे. आणि तो ऐकल्यावर रिस्टोर करण्याचा प्रश्न माझ्यासाठी अचानक फार खरा झाला. कारण रिस्टोर करताना नेमकं काय करतात? सगळे भाग सुटे करतात. रंग केमिकलने किंवा वाळूचा फवारा मारून पार धातूपर्यंत काढतात. 'नंतर जोडलेलं' म्हणजे हूक आणि जादा दांड्या ग्राइंडरने उडवतात. मग भट्टीतला पावडर कोटिंगचा काळा रंग, नवीन स्टिकर, नवीन निकेल. सायकल दुकानात ठेवली होती त्या दिवशी जशी दिसत होती तशी होते. म्हणजे तिच्या आयुष्यातला एक दिवस परत आणायचा, आणि त्यासाठी उरलेली पन्नास-साठ वर्षं खरवडून टाकायची.

हे एका मित्राला बोलून दाखवलं. तो या विषयातला जाणकार आहे, त्याच्याकडे सात जुन्या सायकली आहेत, सगळ्या आरशासारख्या. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगतो. तो म्हणाला, "तू गंजाला इतिहास म्हणतोयस. गंज थांबत नसतो. दहा वर्षांनी तुझी पांढरी अक्षरंही नसतील आणि नळीही नसेल. आणि मूळ कारागिराचं काय? त्या फ्रेमवर सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असायच्या. ते कसब दिसायला नको? माझ्या सायकली बघायला शाळेची पोरं येतात. तुझी बघायला कोण येणार?" शिवाय त्याने आणखी एक मुद्दा काढला, आणि तो मला सर्वांत जास्त लागला. "अशा सायकली भंगारात किलोवर जातात. कारण त्या कोणालाच किमतीच्या वाटत नाहीत. चकाचक केली तर निदान जपतील तरी."

खरं आहे ते. राजाची पालखी आपोआप जपली जाते, गवळ्याची सायकल नाही. जी वस्तू घरोघर होती तीच आधी नाहीशी होते, कारण ती संपेल असं कुणाला वाटतच नाही.

पण हा वाद सायकलींपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चेसचा 'जीर्णोद्धार' करायची लाट आली होती. नंतरच्या शतकांत जे जे जोडलं गेलं ते काढायचं, भिंतींचा गिलावा खरवडायचा आणि इमारत म्हणे मूळ मध्ययुगीन रूपात आणायची. विल्यम मॉरिसने याविरुद्ध १८७७ साली एक संस्था काढली. तिला गमतीने नाव पडलं 'खरवड-विरोधी'. मॉरिसचं म्हणणं असं की प्रत्येक शतकाची भर हाच त्या इमारतीचा इतिहास आहे. पडू नये म्हणून आधार द्या, गळू नये म्हणून डागडुजी करा, पण तरुण करायला जाऊ नका.

आपल्याकडचं उदाहरण अजिंठ्याचं. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. चित्रांचे पोपडे निघत होते म्हणून १९२०च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले गेले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटणारे भाग पक्के बसवले आणि चित्रं टिकवली, हे श्रेय त्यांचंच. पण वरून लाखेचा लेप दिला. तेव्हा रंग खुलून दिसले. पुढे तोच लेप पिवळा पडला, काळवंडला, आणि नंतरच्या पिढ्यांतल्या तज्ज्ञांना तो कणाकणाने काढत बसावं लागलं. हेतू उत्तम, हात कसबी, साहित्य त्या काळातलं चांगलं. तरीही. यातून संवर्धनवाल्यांनी एक साधा नियम शिकून ठेवला आहे की जे कराल ते उद्या परत काढता आलं पाहिजे.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा नियम वेगळा सांगायला नको. जुना कोड हातात आला की पहिली उबळ येते ती सगळं फेकून पुन्हा लिहायची. नेटस्केपने १९९८ साली तेच केलं आणि त्यातून मोझिला १.० बाहेर यायला जून २००२ उजाडला. तोवर बाजार हातचा गेला होता. जुन्या कोडमधली एखादी विचित्र ओळ बहुतेक वेळा कुठल्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय असते. चिमट्याला लावलेल्या त्या जादा दांड्याही तशाच. मूळ डिझाइनमध्ये त्या नाहीत, म्हणून चूक म्हणायच्या? दोन्ही बाजूंना भरलेले कॅन आणि पुण्याचे रस्ते यांवर कुणीतरी काढलेला तो तोडगा आहे.

एवढं वाचून झाल्यावर मी सायकलच्या भागांच्या दोन याद्या केल्या.

पहिल्या यादीत झिजण्यासाठीच केलेले भाग. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, छरे, कॉटर पिन, ग्रीस. हे बदलले तर इतिहासाचं काहीच जात नाही, कारण गवळ्यानेही ते वीस वेळा बदलले असतील. यात जीवाशी संबंध असलेलं सगळं घातलं. ब्रेकचे दांडे, चिमटा, हँडलचा खांब. इथे भावनेला जागा नाही. चिमट्यात भेग निघाली असती तर चिमटा बदलला असता, कितीही जुना असो.

दुसऱ्या यादीत गोष्ट सांगणारे भाग. रंग, पाटी, चेनकव्हरवरची अक्षरं, हूक, पितळाचा टाका, दांड्यावरच्या खुणा. हे एकदा गेले की गेले. यांना फक्त जपायचं.

काकांकडे सायकल दिली. ते म्हणाले, "ओव्हरऑइल करू, दोन्ही चाकांचा आउट काढू, झालं." (ओव्हरहॉलचं आपल्याकडे ओव्हरऑइल झालं. कामाचं स्वरूप बघता तोच शब्द मला जास्त बरोबर वाटतो.) शेजारी बसून पाहण्यासारखं काम होतं. कॉटर पिन काढताना त्यांनी क्रँकखाली लोखंडी पाइपचा आधार दिला आणि मगच हातोडी मारली, नाहीतर सगळा दणका आतल्या छऱ्यांवर आणि कपावर जातो. मागच्या चाकाचे चार स्पोक बदलले. दोन टायर, ट्यूब, चेन, रबर आणि मजुरी धरून २६०० रुपये झाले. मित्राच्या ओळखीच्या माणसाने रंग आणि निकेलसकट रिस्टोर करायचा जो आकडा सांगितला होता, तो याच्या पाचपट होता.

रंगाचं काम घरी केलं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. पॉलिश पेपर अजिबात लावला नाही. एक तर त्याने रंग जातो. दुसरं म्हणजे जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि घासल्यावर उडणारी ती धूळ घरात, विशेषतः लहान मुलांच्या आसपास, नको. निकेलवरचा वरवरचा गंज तेलाचा थेंब टाकून चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या पन्नीने चोळला, बराचसा गेला. शेवटी सगळ्या फ्रेमवर मेणाचा पातळ हात. मित्राचा गंजाचा मुद्दा बरोबर होता. त्यावर उत्तर म्हणून दर पावसाळ्याआधी आणि नंतर हा मेणाचा हात द्यायचा असं ठरवलंय. खाली मोकळा धातू दिसत होता त्या जागी तर लगेच दिला. उद्या कुणाला वाटलं तर हे मेण काढता येतं.

आणि चालवायला कशी आहे? जड आहे, वीस किलोच्या आसपास. गिअर एकच. पुढे ४८ दाते, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. सपाट रस्त्यावर एकदा लय लागली की छान वाटतं. चढावर सरळ उतरून ढकलायची, त्यात कमीपणा मानायचा नाही. पावसात मात्र जपून. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक दाबला की आधी काहीच होत नाही, मग थोडंसं होतं. सिग्नल दिसला की लगेच विचार सुरू करावा लागतो.

आता कुणी म्हणेल, मग रिस्टोर कधीच करू नये का? तसं नाही. वाचण्यासारखं काही उरलंच नसेल, दोनदा-तीनदा रंगाचे थर चढलेले असतील, नळ्या उघड्या पडून गंजत असतील, तर खुशाल रंगवावी. मित्राच्या सात सायकलींपैकी पाच तरी अशाच होत्या, आणि त्याने त्या मरणातून ओढून आणल्यात. कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्सचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन या. नीट ठेवलेल्या जुन्या सायकली रांगेने पाहिल्यावर मूळ कसब काय होतं ते कळतं, आणि त्याची गरज आहेच. पण शंभर चकाचक सायकलींमध्ये रतिबाची एक तरी, तिच्या हुकांसकट, असायला हवी की नको?

तुमच्या घरीही माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी काळी सायकल असेल. रंगवायला टाकण्याआधी एक करा. चांगल्या उजेडात तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पाटी आणि सीटजवळचा नंबर टिपून ठेवा, आणि ती चालवणारं माणूस हयात असेल तर त्याला शेजारी बसवून प्रत्येक खुणेबद्दल विचारा. ओळखीचा म्हातारा सायकलवाला असेल तर त्यालाही दाखवा. ही माणसं सायकलींपेक्षा झपाट्याने कमी होतायत.

आणि तरीही ठरत नसेल तर आधी ओव्हरऑइल करून वर्षभर चालवा. रंग काय, पुढच्या वर्षीही देता येतो.